वेगळे ताट

अमेरिकेहून परत आलेल्या माणसाने काय सांगावे, याविषयी आपल्याकडे काही ठाम अपेक्षा असतात. रस्ते किती रुंद, दुकाने केवढी मोठी, माणसे कशी वक्तशीर, हे त्याने सांगावे आणि आपण चहाचे घोट घेत माना डोलवाव्या. २०१८ च्या जून महिन्यात मी परत आलो, तेव्हा आमच्या शिक्षकांच्या खोलीत मलाही हेच विचारण्यात आले. मी रस्त्यांविषयी चार वाक्ये बोललो. डोक्यात मात्र एक थंड सँडविच होते. ते मी डोळ्यांनी पाहिलेसुद्धा नव्हते.

माझी धाकटी बहीण ओहायो राज्यात एका लहानशा गावी राहते. तिच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी आई निघाली. तिला एकटीला विमानात बसवण्याचा धीर होईना, म्हणून मे महिन्याच्या सुटीत मीही सोबत गेलो. तिकीट बहिणीनेच काढले. तिला किती रजा मिळते, हे मी गेल्या गेल्याच विचारले.

"बारा आठवडे, दादा. पण बिनपगारी. कायद्यात तेवढंच आहे. मी आठव्या आठवड्याला जाणार, घराचा हप्ता थांबत नाही ना!"

तो कायदा १९९३ सालचा. पगारी बाळंतरजा देणारा देशभराचा कायदा तिथे नाही, हे मला तोवर ठाऊक नव्हते. एवढ्या श्रीमंत देशात असे असेल हे आईला शेवटपर्यंत पटले नाही. मुलगी आपल्यापासून काहीतरी लपवते आहे, असाच तिचा समज राहिला.

शेजारी ऐंशी ओलांडलेल्या एक बाई एकट्या राहत. माझे इंग्रजी वर्गातल्या फळ्यापुरते, म्हणून नऊ वर्षांचा भाचा आमचा दुभाष्या. बाईंनी चाळीस वर्षे एका कारखान्याच्या कचेरीत काम केले होते आणि आता त्यांचे घर सोशल सिक्युरिटीच्या निवृत्तिवेतनावर चाले. सरकार म्हाताऱ्यांची काळजी घेते हे चांगलेच, असे मी म्हणालो. बाई एकदम ताठ झाल्या. भाच्याने भाषांतर केले, "मामा, त्या म्हणतात, हे सरकारनं दिलेलं नाही, मी मिळवलेलं आहे."

त्या अभिमानाचे मला कौतुक वाटले. पण दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात मी एक निराळे दृश्य पाहिले. आमच्या पुढे कडेवर मूल घेतलेली एक बाई उभी होती. तिच्या हातात सरकारी अन्नसाहाय्याचे कार्ड होते. दूध, पाव, अंडी त्या कार्डावर चालली. साबण आणि मुलाचे लंगोट चालले नाहीत. त्यांचे पैसे तिने पाकिटातून सुटी नाणी मोजून दिले. भाजलेली गरम कोंबडी तिला परत ठेवावी लागली. त्या कार्डावर गरम शिजवलेले अन्न मिळत नाही, थंड मिळते, असे बहिणीने मला मागाहून सांगितले. रांगेतली माणसे वक्तशीर होती. ती घड्याळाकडे पाहत होती. बाई मात्र कोणाकडेच पाहत नव्हती.

मिळवलेले आणि मिळालेले असा हा भेद. बाईंच्या निवृत्तिवेतनाचा कायदा अध्यक्ष रूझवेल्ट यांनी १४ ऑगस्ट १९३५ रोजी सही करून अमलात आणला. त्यामागे फ्रान्सिस पर्किन्स या मजूरमंत्री बाईंचे कष्ट होते. १९११ साली न्यूयॉर्कच्या एका शिलाई कारखान्याला लागलेल्या आगीत १४६ कामगार मेले, तो प्रकार त्यांनी रस्त्यावर उभे राहून पाहिला होता. योजनेचा पैसा कामगारांच्या पगारातून आणि मालकांकडून वर्गणीने गोळा व्हावा असे ठरले. वर्गणी भरली की हक्क येतो आणि हक्क आला की मान खाली जात नाही, हे त्या लोकांनी नेमके ओळखले होते.

पण हिशेब पाहिला तर गंमत वाटते. दरमहाचे पहिले निवृत्तिवेतन १९४० च्या जानेवारीत व्हर्मांट राज्यातल्या आयडा मे फुलर या बाईंना मिळाले, २२ डॉलर ५४ सेंट. तोपर्यंत त्यांनी भरलेली एकूण वर्गणी २४ डॉलर ७५ सेंट. बाई शंभर वर्षे जगल्या आणि त्यांना बावीस हजारांवर डॉलर मिळाले. भरल्याच्या नऊशेपटींहून अधिक! त्यांनी ते मान ताठ ठेवून घेतले आणि ते योग्यच झाले. उलट शेतमजूर आणि घरकामाच्या बायका यांना मूळ कायद्यातून वगळले होते. दक्षिणेतल्या काळ्या मजुरांपैकी बहुतेक जण हीच कामे करीत. त्यांचे कष्ट कमी होते असे कोण म्हणेल? मिळवलेले कोणते आणि मिळालेले कोणते, हे घामावरून ठरत नाही. देणारा ते कसे देतो यावरून पुष्कळदा ठरते.

हे सारे मला सुचले ते भाच्यामुळे. एका दुपारी तो शाळेतून आला आणि दप्तर न काढताच म्हणाला, "मामा, आज माझ्या मित्राचं ताट काढून घेतलं."

तिथल्या शाळेत दुपारचे जेवण मिळते, पण बहुतेक मुलांच्या नावाने पैशांचे खाते असते. मिळकत फार कमी असेल तर अर्ज भरून जेवण मोफत मिळते, थोडी अधिक असेल तर सवलतीत. त्याच्या वर जरा गेले की पुरे पैसे. त्या मुलाच्या खात्यावर बाकी थकली होती. गल्ल्यापाशी गरम जेवणाचे ताट काढून घेऊन त्याच्या हाती चीज घातलेले थंड सँडविच देण्यात आले. न्यू मेक्सिको राज्याने असले प्रकार २०१७ साली कायद्याने बंद केले. कॅलिफोर्नियात २०२२ पासून साऱ्याच मुलांना मोफत जेवण मिळते. त्या गावात त्या दिवशी ते झाले नव्हते.

"तो म्हणाला, मला सँडविचच आवडतं," भाचा सांगत होता. "पण त्यानं ते खाल्लं नाही."

मी त्याला आमच्या शाळेची खिचडी सांगितली. सगळी पोरे ओळीने बसतात, सगळ्यांना एकाच पातेल्यातून वाढतात.

"मग कोण गरीब ते कसं कळतं?"

"कळत नाही."

"ते बरंय," तो म्हणाला आणि खेळायला पळाला.

हे सांगताना माझी मान शेजारच्या बाईंसारखीच ताठ होती. रात्री मात्र झोप येईना.

२०१५ सालची गोष्ट. तेव्हा मोफत गणवेश सर्व मुलींना आणि मुलांपैकी काही ठरावीक गटांनाच मिळत. १५ ऑगस्टच्या आधी कपड्यांचे गठ्ठे आले. मी यादी हातात घेतली आणि वर्गात मोठ्याने म्हणालो, "दारिद्र्यरेषेखालचे कोण कोण, उभे राहा." पाच जण उभे राहिले. यादीत नावे सहा होती. सहावा खाली पाहत बसून राहिला. मी त्याचे नाव घेतले. तो म्हणाला, "सर, माझ्याकडं आहे गणवेश." त्याच्या सदऱ्याची कॉलर उसवून उलटी शिवलेली मला बाकाजवळूनही दिसत होती. मी त्याला उर्मट म्हणालो आणि त्याचा जोड कपाटात ठेवून दिला. तो पुढल्या वर्षी शाळा सोडून गेला. शाळा त्याने कशामुळे सोडली, हे मी विचारलेही नाही. मी कादंबऱ्या लिहितो, माणसांच्या मनात शिरण्याचा मला अभ्यास आहे, असा माझा समज होता.

अमेरिकेहून आल्यावर त्या वर्षीचे गणवेश मी संध्याकाळी एकेकाच्या घरी नेऊन दिले. २०२३ साली सरकारने सरकारी शाळांतल्या सर्वच मुलांना गणवेश देण्याचे ठरवले आणि ती यादी संपली. पण याद्या काही संपत नाहीत. काल शिष्यवृत्तीची एक आली आहे. वर्गात ती कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून मी खणात घालून ठेवली आहे. दिवाळीची सुटी लागण्यापूर्वी एकेकाला शाळा सुटल्यावर थांबवायचे आहे.