वीस शिलिंगांची थकबाकी

होळकरशाहीपासून आमच्या घराण्यात दप्तराची चाकरी. आमचीही सारी नोकरी माळव्यातल्या तहसिलींत, थकबाकीच्या याद्या आणि जप्तीच्या नोटिसा यांतच गेली. त्यामुळे इंग्लंडच्या इतिहासात जॉन हॅम्पडेन प्रथम भेटला तेव्हा आदराच्या आधी आमच्या मनात खात्याची जुनी खोड जागी झाली. हा तर थकबाकीदार!

बकिंगहॅमशायरमधला हा पिढीजात जमीनदार, पार्लमेंटचा सभासद, ऑलिव्हर क्रॉमवेलचा आतेभाऊ. राजाला सक्तीचे कर्ज नाकारून १६२७ साली तुरुंगही पाहिलेला. १६२९ नंतर पहिल्या चार्ल्सने अकरा वर्षे पार्लमेंट बोलावलेच नाही. पैसा तर हवा. म्हणून त्याने जुनी 'जहाजपट्टी' उकरून काढली. ती संकटकाळी समुद्रकाठच्यांनी द्यावयाची. १६३५ मध्ये राजाने ती आतल्या परगण्यांवरही बसविली. बकिंगहॅमशायरला समुद्र कुठला! स्टोक मँडेव्हिल येथील जमिनीपोटी हॅम्पडेनकडे २० शिलिंग निघाले. ही रक्कम त्याच्या खिजगणतीतही नसावी. तरी त्याने दिली नाही. १२ न्यायाधीशांपुढे खटला चालला आणि १६३८ मध्ये राजा ७ विरुद्ध ५ मतांनी जिंकला. लोकांनी ते पाचच लक्षात ठेवले. १६४१ मध्ये पार्लमेंटने ही पट्टी बेकायदा ठरविली. पुढे यादवी युद्धात, १८ जून १६४३ रोजी चॅलग्रोव्ह येथे हॅम्पडेन जखमी झाला व सहा दिवसांनी वारला.

आमचे मन मात्र अडकते ते ग्रेट किंबल या खेड्याच्या यादीत. पट्टी न देणाऱ्यांची ती यादी. अग्रभागी हॅम्पडेन, पण ज्या आकारणीदारांनी व कॉन्स्टेबलांनी ती केली, त्यांनी आपलीही नावे तीत घातली होती.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका वृद्ध शेतकऱ्याने आम्हांस विचारले होते, "साहेब, पाणी माझ्या शेतापर्यंत आलंच नाही, मग पाणीपट्टी कशाची?" कालवा कोरडा होता, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले होते. "वरून आदेश आहे," एवढेच म्हणालो आणि त्याच्या घरातील पितळेची भांडी जप्त केली. आठवड्याने तो पैसे भरून भांडी सोडवायला आला. जाताना त्याने पावती मागून घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि खालची सही कोणाची, असे विचारले. आमचीच होती.