पोटातले कावळे

मार्क हॅडनची 'द क्युरियस इन्सिडंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम' (२००३) दुसऱ्यांदा वाचून संपवली. गोष्ट सांगतो १५ वर्षांचा ख्रिस्तोफर. इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये राहणारा, गणितात तरबेज, अंगाला हात लावलेला न खपणारा. प्रकरणांचे आकडे २, ३, ५, ७, ११ असे, कारण त्याला मूळ संख्या आवडतात! शेजारणीचा कुत्रा मेलेला सापडतो आणि हा पठ्ठ्या शेरलॉक होम्ससारखा तपासाला लागतो. कादंबरीत 'ऑटिझम' हा शब्द मात्र कुठेच येत नाही.

ख्रिस्तोफरच्या मते रूपक म्हणजे खोटं बोलणं. आता आपली मराठी बघा. पोटात कावळे ओरडतात, डोळ्यांत तेल घालून जागायचं, हातावर तुरी देऊन पळायचं... बिचाऱ्याचं काय झालं असतं!

(ज्यांना कादंबरी वाचायचीय त्यांनी पुढचा परिच्छेद गाळा.)

आई वारली असं वडिलांनी त्याला सांगितलेलं असतं. ती लंडनमध्ये जिवंत असते, आणि तिची पत्रं त्याला घरातच सापडतात. कुत्राही वडिलांनीच मारलेला. माणूस वाईट नाही हो, पोराला जपणारा आहे. पण ख्रिस्तोफरचा हिशोब सरळ: हे कुत्र्याला मारू शकतात, तर मलाही मारतील. गर्दी सहन न होणारा हा मुलगा मग एकटा ट्रेनने लंडन गाठतो.

प्रत्येक ऑटिस्टिक मूल ख्रिस्तोफर नसतं. आपण या विषयातले तज्ज्ञ नाही, हे हॅडननेही सांगितलंय. पण माझा भाचा मला या पानांत भेटला.

आप्पा गेले तेव्हा त्याला कुणीतरी सांगितलं, "आप्पा गावाला गेलेत." एसटीचं वेळापत्रक त्याला पाठ. रोज साडेपाचला तो गॅलरीत उभा. पंधरा दिवसांनी ताईने सांगितलं, "आप्पांचं हृदय बंद पडलं. ते मेले. परत येणार नाहीत." तो म्हणाला, "मग साडेपाचची गाडी बघायला नको." आप्पांचं घड्याळ मागून घेतलं आणि उशाशी ठेवून झोपला.

ताईला कठोर म्हणणाऱ्या काका-मावश्यांनो, तुम्ही हे वाचता म्हणून लिहितेय. दिवाळीला सगळे जमू तेव्हा तो विचारेलच. देवाघर नको, आकाशातला तारा तर नकोच नको. मेले, असंच म्हणा. जीभ अडखळेल, माझीही अडखळते.