पुस्तक उघडे ठेवून दिलेली परीक्षा

परीक्षा या शब्दाची आपल्या घरांत मोठी धास्ती असते. मुलगा किंवा मुलगी दहावीला गेली की टीव्ही बंद होतो, पाहुण्यांना 'परीक्षा झाल्यावर या' म्हणून सांगितले जाते आणि आई पहाटे चारला उठून चहा ठेवते. परीक्षा म्हणजे पाठांतर, आणि वर्गात शिरताना कागदाचा कपटाही जवळ नको, अशी आपली पक्की समजूत. म्हणून मी घरी सांगितले की, वकिलीची परीक्षा पुस्तके बरोबर घेऊन द्यायची आहे, तेव्हा कोणाचा विश्वासच बसेना. शेजारच्या मावशी तर म्हणाल्या, "बघून लिहायचे, तर परीक्षा कसली? तशी मीपण देईन!"

ही परीक्षा म्हणजे ऑल इंडिया बार एक्झामिनेशन. कायद्याची पदवी मिळाली, सनदेसाठी नाव नोंदवले, तरी कायम वकिली करण्यासाठी बार कौन्सिल ऑफ इंडियाची ही परीक्षा पास व्हावी लागते. २०११ साली ती पहिल्यांदा झाली. शंभर प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, आणि माझ्या वेळी साडेतीन तास मिळत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते. मी ती सप्टेंबर २०१९ मध्ये दिली. तेव्हा पुस्तके, गाईड, स्वतःच्या वह्या, सारे काही आत नेता येत असे.

आम्ही घाटकोपर पूर्वेला राहतो. बाबा महानगरपालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेले. मी सकाळी कॉलेज करून दिवसभर विक्रोळी कोर्टाजवळ एका वकीलसाहेबांकडे टायपिंग करीत असे. सगळे कायदे नवे विकत घेणे परवडणारे नव्हते. काही पुस्तके साहेबांनी दिली, काही फोर्टच्या फुटपाथवरून जुनी घेतली, संविधान तर घरात होतेच. पुस्तके जमली, पण हवे ते कलम वेळेवर सापडायचे कसे? तेव्हा आईने गोधडीचा दोरा काढला. फौजदारी कायद्याला लाल, दिवाणीला निळा, संविधानाला पिवळा, अशा खुणा आम्ही दोघींनी रात्री बसून पानापानांत घातल्या. आईला इंग्रजी वाचता येत नाही. पण मी कलमाचा आकडा सांगायची आणि ती बरोबर त्याच पानावर दोरा ठेवायची.

परीक्षेचा दिवस रविवार. केंद्रावर गेले तर एखाद्या लांबच्या गाडीच्या फलाटावर आल्यासारखे वाटले. कोणी चाकांची बॅग ओढत आलेले, कोणी खांद्यावर गोणीच घेतलेली. पन्नाशी उलटलेले गृहस्थ होते, कडेवरचे मूल नवऱ्याकडे देऊन आत जाणाऱ्या ताई होत्या. वर्गात बाकांवर पुस्तकांचे ढीग लागले. पर्यवेक्षक मॅडम हसून म्हणाल्या, "पुस्तके आपापलीच बघा, शेजाऱ्याची नकोत." दहावीपासून पदवीपर्यंत परीक्षेच्या वर्गात इतके मोकळे वातावरण मी कधी पाहिले नव्हते. पोटात गोळा नाही, हाताला घाम नाही. पंख्याच्या आवाजात नुसती पाने उलटण्याची सळसळ.

पण अर्धा तास गेला आणि खरी गोष्ट ध्यानात आली. शंभर प्रश्नांना साडेतीन तास, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम दोन मिनिटे. पुढच्या बाकावरच्या मुलाकडे माझ्या दुप्पट पुस्तके होती. सगळी कोरी करकरीत. तो एक उघडी, दुसरे मिटी, तिसऱ्याची अनुक्रमणिका शोधी, आणि बिचाऱ्याचा वेळ त्यातच चालला होता. माझ्या शेजारचे काका मात्र चारच पुस्तके घेऊन आले होते. कडा झिजलेली, पेन्सिलीच्या रेघांनी भरलेली. ते बहुतेक उत्तरे न बघताच लिहीत, आणि शंका आली तरच पुस्तक उघडीत. मीही आईच्या दोऱ्यांवर भरवसा ठेवून तसेच केले. मी पास झाले.

पुस्तक उघडे असले तरी ते आधी वाचलेल्यालाच उत्तर देते, हे त्या दिवशी मी शिकले. कोर्टातही तसेच चालते. कोणी न्यायाधीश वकिलाला कलमे तोंडपाठ म्हणायला लावत नाहीत. कलम कुठे आहे, ते आपल्या अशिलाला कसे लागू होते, हे पुस्तक समोर धरून दाखवावे लागते. ज्यांच्या पूर्वजांना पुस्तकाला हात लावण्याची मनाई होती, त्यांच्या लेकीबाळींना तर ही विद्या शिकायलाच हवी. बाबासाहेबांनी १९२३ साली मुंबईत वकिली सुरू केली, पुढे ते इथल्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्यांचा ग्रंथांशी असलेला स्नेह वाचकांना सांगायला नको.

पास झाल्यावर काही महिन्यांतच त्या लाल दोऱ्याचा उपयोग झाला. आमच्या वस्तीतली एक ताई घरकामाला जाते. ती काम करीत असलेल्या इमारतीत चोरी झाली आणि रात्री आठला तिला 'फक्त साक्ष विचारायची आहे' म्हणून पोलीस ठाण्यात बोलावणे आले. मी तिच्याबरोबर गेले आणि फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १६० उघडून समोर ठेवले. साक्षीसाठी स्त्रीला तिच्या राहत्या घराखेरीज दुसरीकडे बोलावता येत नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. साहेबांनी ते वाचले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरी येऊन जबाब घेतला. जुलै २०२४ पासून नवा कायदा आला आहे. त्यात ही तरतूद कलम १७९ मध्ये आहे. भगिनींनी हा आकडा लिहून ठेवावा.

आता परीक्षेचे नियम बदलले आहेत. २०२१ पासून गाईड आणि वह्या बंद झाल्या. टिपणे नसलेली मूळ कायद्याची पुस्तकेच नेता येतात. २०२३ मध्ये पास होण्याची मर्यादाही वाढली. सर्वसाधारण उमेदवारांना ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४०. मला हा बदल योग्य वाटतो. गाईडमधून उत्तर उतरवणाऱ्याच्या हाती गरिबाचा खटला कसा द्यावा?

आणखी एक गोष्ट आपल्या मुलामुलींना जरूर सांगा. सनदेच्या नोंदणीसाठी पूर्वी हजारो रुपये मोजावे लागत, म्हणून पदवी घेऊनही काही जण मागे राहत. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, नोंदणीचे शुल्क कायद्यात लिहिले आहे तेवढेच घ्यावे: सर्वसाधारण उमेदवारांकडून ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपये. तेव्हा घरात कोणी कायदा शिकत असेल, तर पैशाच्या धास्तीने त्याला थांबवू नका. नोकरी करून शिकणाऱ्यांनाही हे जमते. आणि कोणी शिकत नसेल, तरी घरातले संविधान कपाटावर ठेवू नका. खाली काढा, त्यात खुणेचे दोरे घाला.