सालवृक्षाची राळ आणि पाच कोटी वर्षांचे अंबर

जबलपूर आणि जीवाश्म म्हटले की आठवतात ते डायनासोर. 1828 मध्ये स्लीमन यांना येथे सापडलेल्या हाडांपासून भारतातील डायनासोरांच्या अभ्यासाची सुरुवात झाली. अंबर कसे घडते हे समजून घ्यायचे असेल, तर मात्र खडकांकडून शेजारच्या मंडला-दिंडोरीच्या सालवनांकडे वळावे लागते. अंबराची पहिली पायरी तेथे आजही घडत असते.

सालवृक्षाच्या खोडाला इजा झाली की राळ पाझरते. धूप म्हणून जाळली जाते ती हीच. राळ हा झाडाचा जीवरस नव्हे. जीवरस अन्नपाणी वाहून नेतो. राळ जखम बुजवते, बुरशीला रोखते आणि खोड पोखरू पाहणाऱ्या अळीला बुडवून मारते. हवा लागताच तिच्यातील बाष्पनशील टर्पीन उडून जातात आणि उरलेले रेणू एकमेकांना जोडले जाऊ लागतात. बहुतेक राळ ऊन, हवा आणि सूक्ष्मजीव यांमुळे नष्ट होते. एखादाच गोळा दलदलीत, प्राणवायूपासून दूर, गाळाखाली गाडला जातो. तेथे लक्षावधी वर्षांच्या उष्णतेने व दाबाने रेणूंची जोडणी वाढत जाते आणि राळेचे अंबर होते. घासल्यावर काडीकचरा ओढून घेणारा म्हणून संस्कृतात त्याला ‘तृणमणि’ म्हणतात. रत्नांत गणना होत असली, तरी ते खनिज नव्हे.

सुरतजवळील वस्तानच्या लिग्नाइट खाणीत सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीचे असे अंबर मिळाले. 2010 मध्ये जेस रुस्ट, लखनौच्या बीरबल साहनी संस्थेचे हुकम सिंह आणि सहकाऱ्यांनी त्यातील कीटकांचे वर्णन प्रसिद्ध केले. रासायनिक विश्लेषणातून राळ देणारी झाडे डिप्टेरोकार्पेसी कुलातील असल्याचे दिसले. साल याच कुलातला. या अंबरातील रेणूंची जोडणी अपुरी राहिली असल्याने ते द्रावकात विरघळते आणि आतला कीटक अखंड बाहेर काढता येतो. बाल्टिक अंबरात हे साधत नाही.

राळेचे संरक्षण अमर्याद मात्र नसते. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात मंडला-दिंडोरीच्या सालवनांत खोडकिड्याचा मोठा उद्रेक झाला. निरोगी झाड थोड्या अळ्यांना राळेत बुडवू शकते. दुर्बल झाडावर एकाच वेळी असंख्य अळ्या तुटून पडल्या, की राळ अपुरी पडते. त्या काळात लाखो झाडे तोडली गेली.

अंबरातील कीटकाकडे आपण कुतूहलाने पाहतो, ते त्या कीटकासाठी. प्रत्यक्षात तो तुकडा झाडाच्या बाजूनेही बोलत असतो: येथे खोडाला जखम झाली होती, आणि झाडाने तिला उत्तर दिले होते. वस्तानच्या थरांत ते उत्तर टिकून राहिले. मंडल्याच्या वनांत ते द्यायला निरोगी झाडे उरतील की नाही, हे ठरवणे आपल्या हाती आहे.