खिडकीतील कप

वलवणचा पावसाळा ज्यांनी पाहिला नाही, त्यांस तो शब्दांनी सांगणे व्यर्थ होय. आषाढ लागला की धुके उंबऱ्यापर्यंत येते, कपडे आठ आठ दिवस वाळत नाहीत, आणि घरची मंडळी आपोआप एका खोलीत गोळा होतात. येथील धरणाचे पाणी घाटाखाली खोपोलीस उतरते व त्यावर 1915 सालापासून वीज निर्माण होत आली आहे. मुंबईच्या गिरण्या तिच्यावर चालल्या. तथापि वारा सुटला की धरणाकाठच्या आमच्याच घरातील दिवे प्रथम जातात! विद्यार्थी यावर हसतील, हसोत बापडे.

अशाच एका रविवारी सायंकाळी कंदिलाच्या उजेडात आमची कौटुंबिक उपासना चालली होती. शास्त्रपाठ व प्रार्थना झाल्यावर एखाद्या चांगल्या पुस्तकाची चार पाने मोठ्याने वाचावयाची, असा आमच्या घरी प्रघात आहे. तेव्हा लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ चालू होती. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर काही वर्षे लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या, आणि पुन्हा एकत्र राहावयास आल्यावरही त्यांचे सोवळे एकदम सुटले नाही. ते पुढे कसे सुटले, हे बाईंनी स्वतःचीच थट्टा करीत सांगितले आहे. 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुढे याच घरी बालकवी ठोंबरे मुलासारखे राहिले. ते हिंदूच राहिले, म्हणून त्या घरची माया उणावली नाही.

सोवळ्याचा भाग ऐकून मुले हसू लागली. आम्हांस स्फुरण चढले. आमच्या पणजोबांना गावात कोणी भांडे देत नसे, ओंजळीत वरून पाणी ओतीत, ही घरात अनेकदा सांगितलेली हकीकत आम्ही पुन्हा सांगितली, आणि ख्रिस्ताच्या घरात असा भेद नसतो, असे बजावले. आमचा आवाजही, खरे सांगावयाचे तर, थोडा भरून आला होता.

तोच आठ वर्षांची धाकटी कन्या म्हणाली, “बाबा, मग मावशींचा कप खिडकीत का?”

भांडी घासावयास येणाऱ्या मावशींचा एक कानतुटका कप आमच्या मोरीच्या खिडकीत पालथा असे. तो तेथे कोणी व केव्हा ठेवला, हे आम्हांस आठवत नाही. मातोश्री म्हणाल्या, “अगं, तो फुटका आहे म्हणून.” कन्या म्हणाली, “फुटका त्यांनाच का?” आम्ही आरोग्याविषयी काहीतरी बोललो. पंधराहून अधिक वर्षे वर्गात उत्तरे दिली आहेत. खोटे उत्तर आपल्याच कानास कसे लागते, ते त्या दिवशी कळले. पत्नी काही न बोलता कंदिलाची वात सारखी करीत बसल्या. पुस्तक पुढे वाचले गेले नाही.

पालकहो, मुले आपली प्रार्थना डोळे मिटून ऐकतात, पण मोरीची खिडकी डोळे उघडे ठेवून पाहतात. आम्हांस वाटत असे की धर्मशिक्षण संध्याकाळी साडेसातास सुरू होते.

दुसऱ्या दिवशी पत्नींनी कपाटातील पाहुण्यांचा कप काढून मावशींपुढे ठेवला. हे सोपे जाईल, असा आमचा समज होता. मावशींनी तो बाजूस सारला. “राहू द्या बाई, फुटला तर? माझा आहे तो बरा आहे.” दोन दिवस असेच झाले. मातोश्रींस तर हा सारा पोरखेळ वाटे. वीस माणसांच्या घरात वाढलेल्या त्या वृद्धेस आम्ही काय शिकवावे? तिसऱ्या दिवशी कन्येने कानतुटका कप स्वतःच उचलला, त्यात आपले दूध ओतून घेतले आणि पिऊ लागली. मावशी तिच्याकडे पाहतच राहिल्या. मग त्यांनी पाहुण्यांचा कप दोन्ही हातांनी धरला.

मातोश्री त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात मात्र पावसाने मावशी अडकल्या, तेव्हा मातोश्रींनीच सूप पुढे सरकवून दोघींनी मिळून तांदूळ निवडले.

मावशी अद्याप उंबऱ्याशीच बसून चहा घेतात. आत येऊन खुर्चीवर बसा, असे आम्ही रोज म्हणतो; त्या रोज हसून मान हलवितात. कन्याही आपला कानतुटका कप घेऊन तेथेच बसते.