दंड मोठा हवा की नक्की?

पर्ससीन, म्हणजे मासळीचा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांच्या, आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीचा विषय निघाला की रत्नागिरीतली चर्चा दंडाच्या रकमेवर येते. रक्कम वाढवा, बोटी जप्त करा, मालकांना तुरुंगात टाका. पारंपरिक मच्छीमाराचा हा संताप रास्त आहे. पण कायद्याचा अभ्यासक म्हणून मला वाटते, आपण चुकीच्या जागी जोर लावतो आहोत. वचक बसतो तो शिक्षेच्या कठोरपणाने नव्हे, शिक्षा चुकणार नाही या खात्रीने, असे इटलीचा विचारवंत बेकारिया याने १७६४ मध्ये मांडले होते. आपल्या किनाऱ्यावर उणीव आहे ती या खात्रीचीच.

मूळ कायदा १९८१ चा, महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम. मासेमारी हा राज्यसूचीतला विषय, पण प्रादेशिक जलधीपलीकडची मासेमारी केंद्राच्या सूचीत येते. म्हणून राज्याचा अंमल किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांवर, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरवर थांबतो. पर्ससीन मासेमारीच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्याने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनला १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढाच हंगाम दिला. एलईडीच्या प्रकाशातली मासेमारी केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या हद्दीत बंद केली. २०२१ मध्ये राज्याने आधी अध्यादेश आणि मग दुरुस्ती करून एलईडीसाठी दंड ५ ते २० लाखांवर नेला. गाजला तो हा आकडा. माझ्या लेखी त्याहून मोठा बदल म्हणजे निवाड्याचे अधिकार तहसीलदाराकडून मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्याकडे गेले. महसूल, निवडणुका आणि पाणीटंचाई सांभाळणाऱ्या कचेरीत बोटींची प्रकरणे मागे पडणारच होती.

तरीही दंड नक्की होत नाही, कारण पुरावा समुद्रात गोळा करावा लागतो. रात्री जनरेटरवर दिवे लावून एक बोट मासळी गोळा करते आणि दुसरी जाळे टाकते. गस्तीनौकेची चाहूल लागताच दिवे विझतात. मग हाती उरते ती एक अंधारी बोट आणि तिच्यावरची सामग्री. ती १२ मैलांच्या आत होती का, दिवे खरोखर पेटवले होते का, जाळे पाण्यात होते का, हे त्याच घटकेला अक्षांश-रेखांश, वेळ आणि पंचनाम्यासह टिपले नाही, तर बोट बंदरात अवरुद्ध करूनही सुनावणीत वकील ते प्रकरण सहज पोखरतो. दंड २० लाखांचा असला, तर तो अधिक जिद्दीने पोखरतो. रक्कम वाढली की पुराव्याची जबाबदारीही वाढते, हे आपण विसरतो.

यावर उत्तर मिळते की आता ड्रोन आले. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनने टेहळणी सुरू झाली, हे स्वागतार्हच आहे. पण चित्रण म्हणजे निकाल नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार न्यायालयात इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते. विभागीय चौकशीला साक्ष्य कायदा तंतोतंत लागू नसला, तरी तीच शिस्त इथे पाळली पाहिजे, कारण प्रकरण पुढे उच्च न्यायालयातही जाऊ शकते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: पकडणारा आणि निवाडा देणारा एकाच खात्याचा कसा? पर्ससीनमालकांचा हा सवाल मला टाळता येत नाही. त्यांच्यावर कर्ज असते, खलाशांचे पगार असतात, आणि इथे दंड ठोठावणारा दंडाधिकारी नसतो. पण यासाठी अधिकार पुन्हा तहसीलदाराकडे नेणे म्हणजे जुन्या दिरंगाईकडे परतणे. गस्त घालणारा आणि निवाडा करणारा अधिकारी वेगळा असावा, बोटमालकाला पुराव्याची प्रत मिळावी आणि आदेशात कारणे लिहिलेली असावीत. एवढे झाले तर दंड भरणाऱ्यालाही निकाल मनमानी वाटणार नाही.

म्हणून मच्छीमार सहकारी संस्थांना माझी विनंती आहे. पुढच्या निवेदनात दंडवाढ मागू नका. मिरकरवाडा, हर्णै, जयगड, साखरीनाटे अशा प्रत्येक बंदराच्या फलकावर दर महिन्याला किती बोटी पकडल्या, किती प्रकरणांत आदेश झाला आणि किती दंड प्रत्यक्ष वसूल झाला, हे लावा अशी मागणी करा.