कडुनिंबाचा काढा आणि रुपें

‘निसर्गमित्र’ हें विशेषण हल्लीं साबणापासून सिमेंटापर्यंत सर्वत्र चिकटविलेलें आढळतें. म्हणून धातूंच्या अतिसूक्ष्म कणांनाहि तें लागलेलें ऐकून आम्हांस प्रथम हसूंच आलें. परंतु गोंदियानजीक नागरा येथें आमच्या घरीं सुटींत आलेल्या पुतण्यानें तो प्रयोग प्रत्यक्ष करून दाखविला, तेव्हां हसूं मावळलें व कुतूहल उरलें.

रीत साधी आहे. कडुनिंबाचीं पानें धुऊन उकळावीं, काढा गाळावा आणि सिल्व्हर नायट्रेटच्या अगदीं सौम्य द्रावणांत तो थोडा मिसळावा. पाणी पिवळसर, मग तपकिरी होतें. पांढरें रुपें तपकिरी कां दिसावें? मीटरचे शंभर कोटी भाग कल्पिले, तर त्यांतील दहा-वीस भागांएवढाच कण उरला कीं तो प्रकाशाशीं निराळा वागतो. शास्त्रज्ञ यांस नॅनोकण म्हणतात. सोन्याचे असे कण माणकासारखे लाल दिसतात. फॅरडेनें १८५७ सालींच त्यांचा अभ्यास केला होता.

एरवीं हें काम सोडियम बोरोहायड्राइडसारख्या उग्र द्रव्यांकडूनहि करवून घेतात. पानांतील द्रव्यें तेंच सौम्यपणें करतात, शिवाय कणांभोवतीं वेष्टन होऊन त्यांस एकमेकांस चिकटूं देत नाहींत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतील मुरली शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००४ सालीं कडुनिंबापासून सोन्यारुप्याचे कण केल्याचें प्रसिद्ध केलें. त्याच सालीं गवती चहाच्या काढ्यानें सोन्याच्या त्रिकोणी चकत्या बनविल्याचेंहि. ज्यानें आपण सर्दी घालवितों त्यानें सोन्यास भूमिति शिकवावी, ही मौज कांहीं और आहे! (‘हें आपल्या पूर्वजांस ठाऊकच होतें’ असें म्हणणारे गृहस्थ आमच्या ओसरीवर लागलीच भेटले. त्यांस आम्ही चहा दिला, गवतीच.)

परंतु काढा निरुपद्रवी असला तरी रुपें तसें नव्हे. तें जंतु मारतें म्हणूनच जखमेच्या पट्टीस व कापडास लावतात. धुण्याच्या पाण्याबरोबर तें तळ्यांत गेलें, तर तेथील उपयुक्त जंतूंस ओळखून थोडेंच सोडणार? आमचा जिल्हा तळ्यांचा. शिंगाडे, मासळी, धान, सारें त्याच पाण्यावर. आम्ही पुतण्यास विचारलें, “उरलेलें पाणी कोठें ओततोस?”

“न्हाणींत, काका.”

न्हाणीचें पाणी परसांतून उताराउतारानें तळ्यालाच मिळतें. बाटलीस घट्ट बूच बसवून, वर नांवाची चिठ्ठी डकवून ती आम्ही फडताळांत उंच ठेविली. सुटी संपतांना ती त्याच्याबरोबर कॉलेजास परत गेली. तेथें असलीं द्रव्यें निराळीं जमा करण्याची सोय आहे.